वंगाळ चकती मागणारे अण्णा

आमच्या सांगलीच्या गल्लीतले चकतीअण्णा नवा प्लेअर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी घरी परत पाठवायचे. "जावा, घरातली सगळ्यात वंगाळ चकती घिऊन या. चांगली नगं. चांगली काय, कुनीबी वाजवतंय!" सीडीला ते चकतीच म्हणत, म्हणून गल्लीनं त्यांचं हे नाव पाडलं होतं. गिऱ्हाइकाकडे वंगाळ सीडी नसलीच, तर अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात एक असायचीच. तिच्यावर ओरखडे होते आणि चहाच्या कपाचा गोल डाग होता. ती वाजली की अण्णा टाचा जुळवून म्हणायचे, "ओके रिपोर्ट!"

टाचा जुळवणं सैन्यातलं. तिथं त्यांनी वायरलेस दुरुस्त करण्यात उमर घालवली आणि परत येऊन बोळाच्या तोंडाशी दुकान थाटलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि सीडीचं आम्हाला वेडच लागलं होतं. अण्णांकडे बिननावाचे, हलके प्लेअर असत. त्यांची बटणं डुगडुगत, झाकण कधीकधी अंगठ्यानं दाबून धरावं लागे. मी साताऱ्याला बँकेत नोकरीला, पगार नवा, तोरा त्याहून नवा. असला डबा मी कशाला घेते? साताऱ्याच्या शोरूममधून नावाजलेल्या कंपनीचा, काळाभोर, जडशीळ प्लेअर घेऊन मी सांगलीत उतरले.

अण्णांनी तो उचलून बघितला, कान लावला, बोटानं पुसला. "झ्याक हाय. पर पोरी, कोऱ्या चकतीवर मागनं भरल्यालं वाचतो का, इचारलंस का?"

"अण्णा, कंपनीचा आहे!" मी म्हटलं आणि हसले. ते हसणं आठवलं की आजही लाज वाटते.

माझे वडील शाळामास्तर. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला होता. त्याआधी कधीतरी त्यांनी पाढे म्हटल्याची एक कॅसेट घरात होती. पुण्यात कॅसेटवरून सीडी भरून देतात असं कळल्यावर मी ती भरून आणली, आणि आठवड्याभरात टेपरेकॉर्डरनं कॅसेट चावून तिचा चुथडा केला. आता त्यांचा आवाज जगात त्या एका सीडीवर उरला होता, म्हणून ती पंचाहत्तरीलाच पहिल्यांदा लावायची असं ठरवून मी जपून ठेवली.

वडिलांच्या पंचाहत्तरीला त्यांचे जुने विद्यार्थी जमले. कुणी हळदीचे व्यापारी, कुणी गुळाचे, एक तर खुद्द आजोबा झालेला. आवाज ऐकायला सगळे आतुर. आईनं प्लेअरला हळदकुंकू वाहिलं. मग सीडी हातात घेतली, उलटी केली आणि चकाकत्या बाजूला ठसठशीत दोन बोटं टेकली! "देवाला हळदकुंकू तोंडाला लावत्यात. तोंड हिकडंच दिसतंय की," ती म्हणाली. मी हादरले. धावत जाऊन सीडी पुसली, आत घातली. प्लेअरवर अक्षरं उमटली, 'नो डिस्क'. पुन्हा पुसली. पुन्हा तेच.

सगळ्यांनी आईकडे बघितलं. मीसुद्धा बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या हातानं त्येंचा आवाज घालवला म्या," एवढंच ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

अण्णा मागे भिंतीला टेकून उभे होते. ते दुकानात गेले आणि बिननावाचा एक प्लेअर काखोटीला मारून आले. सीडी मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली, आत सरकवली, झाकण अंगठ्यानं दाबलं. घरघर झाली. आणि खणखणीत आवाज आला, "एकोणतीस एके एकोणतीस!"

काय सांगू तो कल्लोळ! "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!" पोक्त, टकले व्यापारी हात बांधून उभे राहिले आणि घर दणाणून पाढा म्हणू लागले. वडील खुर्चीतून बोट नाचवत एकेकाच्या चुका दाखवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी ओरडत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं.

पण अण्णांचं काम संपलं नव्हतं. त्यांनी आईला बाहेर बोलावलं. खिशातून दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची, कालच पुण्याहून भरून आलेली, बोटही न लागलेली सीडी काढली आणि माझ्या कंपनीच्या प्लेअरमध्ये घातली. 'नो डिस्क'.

"बघा वैनी, हिला कुटं हळद हाय? कारखान्यातली चकती ठशानं छापल्याली, ही मागनं लिवल्याली, हिचं अक्षर फिकट. ह्या पेलराला फिकट वाचताच येत न्हाई. तुमचा काय बी दोष न्हाई."

आईनं डोळे पुसले. मी तिच्या पाया पडले, मग अण्णांच्या. खरं तर अण्णांनी मला "बघ, सांगितलं हुतं" म्हणायला हवं होतं. ते कधीच म्हणाले नाहीत.

दोनेक वर्षांत गुडघे थकले म्हणून अण्णा दुकान बंद करून कराडला मुलाकडे निघाले. चहाच्या डागाची सीडी त्यांनी माझ्या हातात दिली. अजूनही नवं काही घेताना मी ती पर्समधून काढते आणि दुकानदार तोंड वाकडं करतात.

निघताना आईनं त्यांना ओवाळलं. कुंकवाचं बोट कपाळापाशी नेऊन ती थांबली.

"अण्णा, ही बाजू बरोबर हाय न्हवं?"

अण्णांनी कपाळ पुढं केलं आणि टाचा जुळवल्या.