फावडं नसलेला खड्डा

सोनं कुठे असतं ते इफ्रम डोनला कळायचं, हे बकआय खोऱ्यात त्याचा वैरीसुद्धा कबूल करायचा. फक्त इफ्रम तिथे पोचायच्या आत काहीतरी माशी शिंकायची. दोन वर्षांच्या बोलीवर व्हरमाँटहून कॅलिफोर्नियात आलेला माणूस, त्याला आता सातवं वर्ष लागलं होतं. एका ओढ्याला पूर आला, दुसऱ्याचं पाणी आटलं, तिसऱ्या ठिकाणी भागीदारच पळाला. बायकोच्या, ल्युसिंडाच्या, शेवटच्या पत्रात एवढंच होतं की सोनं राहू दे, तू ये. पण रिकाम्या हातांनी जायचं कोणत्या तोंडाने? हट्टाला औषध नसतं, दुसरं काय!

हा शेवटचा खड्डा, असं त्याने ठरवलं होतं. एकट्याने बारा हात खोल नेला. खाली उतरायचं, बादली भरायची, शिडीने वर यायचं, बादली ओढून रिकामी करायची, पुन्हा खाली. मार्चपासून हेच. ऑगस्टात एका दुपारी लाल माती संपली आणि निळसर खडी लागली. निळी खडी लागली की खाली दोन-तीन हातांवर कातळ, आणि सोनं असलं तर त्या कातळावर. इफ्रमने त्या दिवशी आनंदाच्या भरात चुलीवरचा घेवडा करपवला आणि तसाच खाल्ला.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खड्ड्यावरचा ट्रेव्हेना तापाने गेला. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा, भला माणूस. कबरीची जागा इतकी दगडाळ की मंडळींची हत्यारं बोथट झाली. इफ्रमने कुणी न मागता आपली चांगली पोलादी कुदळ आणून दिली, फावडंही दिलं. कबर झाली, प्रार्थना झाली, आणि मग घोडं पेंड खायला लागलं.

कॉर्नवॉलवाल्यांचा एक दंडक होता. कबर खणलेली हत्यारं तीन दिवस कबरीवरच ठेवायची. त्याआधी ती सोन्याच्या खड्ड्यात उतरली तर आणखी एक माणूस जातो. आणि खोऱ्याचा कायदा, सगळ्यांनी हात वर करून केलेला, असा की खड्ड्यात मालकाची कुदळ किंवा फावडं असलं तरच खड्डा त्याचा. तीन दिवस दोन्ही नसली, तर जो उतरेल त्याचा. इफ्रमकडे कुदळ एक, फावडंही एकच; उसनं कायद्यात बसत नव्हतं आणि नवं घ्यायला पैसे नव्हते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

तो ट्रेव्हेनाच्या धाकट्या भावाकडे, जोरीकडे गेला आणि निदान फावडं तरी नेऊ का म्हणून विचारलं. जोरीचे डोळे रडून सुजलेले.

"तीनच दिवस काका," तो म्हणाला. "तुमचा खड्डा कुणाला ठाऊक नाही?"

इफ्रमला नाही म्हणवेना. आपला कोट आणि सोनं धुवायची थाळी त्याने खड्ड्यात ठेवली आणि तीन दिवस झोपडीत नुसता येरझाऱ्या घालत राहिला.

चौथ्या दिवशी उजाडताच कबरीवरची हत्यारं उचलून तो खड्ड्यावर आला, तर आत लेफ स्कॉगिन्स. आठ दिवसांपूर्वी मिझुरीहून आलेला उपटसुंभ! त्याचं नवंकोरं फावडं निळ्या खडीत रोवलेलं.

"म्हातारबा, कोट विसरला होतात," म्हणत त्याने कोट वर फेकला.

दुपारी दुकानापुढे सभा भरली. हळहळले सगळे. पण ज्याचे-त्याचे एक-दोन खड्डे असेच मोडक्या फावड्याच्या जोरावर राखलेले. आज कोट चालला तर उद्या लोक फाटके मोजे टाकून दहा खड्डे अडवतील, असं एकाने म्हटलं आणि बाकीच्यांना ते पटलं. हात वर झाले ते स्कॉगिन्सच्या बाजूने. त्यात जोरीचाही हात होता.

"तू सांगितलंस म्हणून थांबलो ना रे मी?" इफ्रमचा आवाज फाटला. "तुझ्या भावासाठी!"

"दादाचा खड्डा आता मीच राखायचा आहे, काका," जोरी खाली बघत म्हणाला. "तिथे मी एक फावडंच ठेवलंय. कायदा ढिला झाला तर तोही जाईल."

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शहाणा माणूस त्याच दिवशी खोरं सोडून गेला असता. स्कॉगिन्सला मात्र जोडीला माणूस हवा होता, आणि त्याने निलाजरेपणाने इफ्रमलाच रोजावर यायला सांगितलं. आता कुदळ डोक्यात बसते, असं सगळ्यांना वाटलं. इफ्रम हो म्हणाला. अट एकच, खाली मी उतरणार, बादली तू ओढायची. लोकांनी त्याला बिनकण्याचा म्हटलं, वेडा म्हटलं. म्हणोत. सात वर्षं घातल्यावर खाली काय आहे हे न बघता तो जगू शकला नसता.

पाचव्या दिवशी कुदळ कातळावर खणखणली. इफ्रमने गुडघ्यांवर बसून हातांनी खडी बाजूला केली. कातळाच्या भेगेत, मक्याच्या दाण्यांएवढे, पिवळे. एक-दोन नव्हे, भेगभर. त्याचा अंदाज हातभरसुद्धा चुकला नव्हता.

"काय रे, आहे का काही?" वरून स्कॉगिन्स ओरडला.

इफ्रमने भेग नखांनी कोरून कोरून साफ केली, एक कण मागे ठेवला नाही. बादली भरली, दोराची गाठ नीट आवळली.

"आहे," तो म्हणाला. "ओढ."