सहा बावन्नचा तारा

आमच्या घरात विज्ञान न कळणारा मी एकटाच. आजोबा साखर कारखान्यात केमिस्ट, वडील भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, थोरला भाऊ सोमलिंग रॉकेटच्या इंधनात बुडालेला आणि दानेश्वरीआक्का उल्कांच्या मागं. सोमलिंगचं नाव पेपरात येतं. आक्काला मात्र कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतले लोकसुद्धा पत्रिका बघणारी बाई समजतात. माझं कापडाचं दुकान, त्यामुळं तिची गाडी हाकायचं काम माझ्याकडं.

गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी मोठी उल्का जिल्ह्यावरून जळत गेली. कागलजवळच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात ती सापडली, पण मार्ग काढायला दुसऱ्या बाजूनं बघणारं कुणीतरी हवं होतं. मलकापूरच्या एका ड्रायव्हरला दिशाच आठवेना. उरल्या राधानगरीकडच्या वाडीतल्या चिमणाबाई. 'तारा तुटला' म्हणून त्याच ओरडल्या होत्या, असं शेजारीण शपथेवर सांगत होती. चिमणाबाई म्हणायच्या, मी काय बघितलं न्हाय.

आम्ही सहा वेळा जाऊन हात हलवत परत आलो. आहे त्यावर अंदाज बांध आणि मोकळी हो, असं सोमलिंगनं फोनवर सांगितलं. अंदाजच बांधायचे असते तर पत्रिकाच बघितल्या असत्या, आक्का म्हणाली. दुकान बंद ठेवून मी वैतागायचो, पण खरं सांगतो, तिचा अभिमानही वाटायचा.

सातव्या खेपेला चिमणाबाई गोठ्यातून बाहेर आल्याच नाहीत. आक्का आत जाऊन त्यांच्याजवळ उकिडवी बसली. मग त्या बोलल्या. तुटता तारा दिसला तर तोंडातून शब्द काढायचा नसतो, माणूस जातं. त्या संध्याकाळी त्या बोलून गेल्या, आणि थोड्याच वेळात दवाखान्यातून फोन आला, की नवरा, पिराजी, गेला.

"म्हाताऱ्याला मीच खाल्लं," त्या म्हणाल्या.

दोन महिने ती बाई हे मनात घेऊन धारा काढत होती. आता आक्का अंधश्रद्धेवर भाषण देणार, अशी मला भीती वाटली. तिनं फक्त दवाखान्याचा कागद मागितला. त्यावर मृत्यूची वेळ होती संध्याकाळी सहा दहा. मग तिनं आपली वही उघडली.

"मावशी, तारा तुटला सहा बावन्नला. त्याच्या आधी बेचाळीस मिनिटं काका गेले होते. फोन तेवढा उशिरा आला."

"घड्याळ चुकलं असंल की."

"चुकलंच होतं. पंपाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ तीन मिनिटं पुढं होतं. मी तिथं जाऊन दोनदा तपासलं, तीन मिनिटं वजा केली. तुमची समजूत काढायला सांगत नाही मी. मोजून सांगतेय."

चिमणाबाईंनी ते दोन आकडे पुन्हा पुन्हा वदवून घेतले. मग तोंडाला पदर लावून रडल्या. रडणं थांबल्यावर म्हातारी उठली, अंगणात आली आणि बोट आभाळाकडं रोखलं.

"लिवून घे, पोरी. हितनं आला, आन त्या डोंगरामागं गेला."