मामींच्या कोलमातलं कासव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. कुठून सुरू करू? बातमीदाराला घटना क्रमाने मांडायची सवय असते — क्रमानेच सांगते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी चेन्नईत एका इंग्रजी दैनिकात होते. बाजारात नक्षत्र कासवं उघड विकतात, हे दाखवायला मी एक विकत घेतलं. परदेशी इग्वाना सरडा पाळला तर तेव्हा कुणी हटकत नसे. आपल्याच रानातलं, पाठीवर चांदण्या असलेलं हे कासव घरात ठेवणं मात्र गुन्हा. तसं मी लिहिलं. शेवटी हेही लिहिलं, की विकत घेतलेलं कासव वनखात्याच्या ताब्यात दिलं आहे.

दिलं नव्हतं. उद्या देऊ, उद्या देऊ — आणि ते वेस्ट मांबलममधल्या माझ्या बिऱ्हाडातच राहिलं.

समोरच्या दारी मामी राहत. तंजावरच्या मराठी कुटुंबातल्या, एकट्या. रोज सकाळी त्या उंबऱ्यापुढे तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढत, आणि कासव त्यावरून चालत त्यांच्याकडे जाई — आदल्या दिवशीच्या पूजेतली जास्वंद खायला. "काय गो, तुझ्या लेकराने पुन्हा माझा कोलम पुसला," मामी म्हणत. "शाळेत तरी घाल त्याला!"

मग कुणीतरी तक्रार केली. वनरक्षक जिना चढून आला तेव्हा कासव कोलमाच्या मधोमध होतं. पायांना पीठ, तोंडात पाकळी. दोन्ही दारं उघडी. त्याने आधी मला विचारलं — कुणाचं?

तुम्ही काय म्हणाला असता? नको — तो प्रश्न तुमचा नाही. मला माझी छापलेली ओळ दिसली, आणि ती खोटी ठरली तर जाणारी नोकरी.

"तेरियादु," मी म्हणाले. माहीत नाही. माझं तमिळ एरवी अडखळायचं. तेव्हा अडखळलं नाही. तो आवाज माझाच होता? मी दचकले. आजही दचकते.

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाल्या, "माझंच आहे."

जीपमध्ये बसताना त्या अनवाणी होत्या. मी जिन्यातून पाहत होते.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. संध्याकाळी संपादक म्हणाले, "तुमच्याच भागात कासव सापडलंय ना? चार ओळी द्या." मी दिल्या. मामींचं नाव, वय, गल्ली. एकही तपशील चुकला नव्हता.

दंड भरून मामी परतल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पेपर माझ्यापुढे धरला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. "वाच गो. काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

मी वाचलं — मराठीत सांगत, सगळं, न थांबता.

"कुणी लिहिलंय?"

"नाव दिलेलं नाही," मी म्हणाले.

खरंच दिलेलं नव्हतं.