टायरवरची किल्ली

ठिणग्याला खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. काम वेल्डिंगचं आणि राग नाकाच्या शेंड्यावर, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. भुवया कायमच्या जळालेल्या, हातांवर गोंदल्यासारखे डाग. त्याचा पांढरा टेम्पो म्हणजे चाकांवरचं दुकानच. मागे जनरेटर, वेल्डिंगचं मशीन, सळया. टपाचा सांगाडा त्याने स्वतः जोडला होता. "पोरीच्या लग्नात रडलो नाही, पण याला पहिला ओरखडा गेला तेव्हा रडलो," असं तो बायकोसमोरच सांगायचा. बायको म्हणायची, "खोटं नाही ते."

गल्ली इतकी अरुंद, की गाड्या एकीच्या शेपटीला दुसरीचं तोंड लावून उभ्या असत. मागच्याला निघायचं तर पुढच्या हलवायला हव्यात. म्हणून रीत पडली होती. गाडी लावली की किल्ली पुढच्या टायरवर, मडगार्डच्या आत. ज्याला गरज त्याने गाडी हलवावी आणि किल्ली पुन्हा तिथेच ठेवावी. गल्लीतल्या रंगाच्या शेडला आग लागली तेव्हा या रीतीनेच बंबाला वाट मिळाली आणि अख्खी गल्ली वाचली. त्यानंतर किल्ली खिशात घालणाऱ्याकडे लोक चोराकडे पाहावं तसे पाहू लागले.

जावई नवा होता तेव्हा ठिणग्यानेच त्याला सांगितलं होतं, "जावईबापू, टेम्पो लागला तर किल्ली टायरवर आहे. विचारायचं काय त्यात!"

जावयाने विचारलं नाही.

ठिणग्या दुपारी जेवायला बसला होता. दार उघडंच होतं, तरी पोलिसांनी ते लाथेने बिजागरीतून उखडलं.

"माल कुठंय?"

"कसला माल?" म्हणेपर्यंत बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला. दात ताटात पडले. बायको मधे आली. एकाने तिचा हात पिरगळला, आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. त्यांनी गाद्या फाडल्या, कपाट उलटं पाडलं, पोरीच्या लग्नाचा फोटो फोडून मागचा पुठ्ठासुद्धा उचकटला. हाती काही लागलं नाही.

जाताना साहेब म्हणाला, "तुझ्या जावयाने टेम्पोतून नशेच्या गोळ्या नेल्या. टेम्पो आता सरकारचा."

"आणि मी?"

"तुझ्यावर काही नाही. तू मोकळा."

मोकळा! पाय तोडायचे आणि म्हणायचं, जा, पळ.

खटला ठिणग्यावर नव्हताच. तो टेम्पोवर होता. वकिलाने हे समजावलं तेव्हा ठिणग्या सुजलेल्या जबड्याने हसला. "आरोपी टेम्पो? मग टांगा त्याला उलटा आणि घ्या कबुली!"

"हसू नका. तुमचा दोष नव्हता हे तुम्हालाच दाखवायचंय. किल्ली घरात खिळ्याला होती, जावयाने चोरली. बस, एवढंच बोलायचं."

बायकोनेही गळ्यात अडकवलेला हात सावरत बजावलं, "खिळा म्हणा. टायरचं नाव काढलंत तर बघा."

पण न्यायाधीशांनी विचारलं, "किल्ली कुठे ठेवता?" आणि आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला ते तोंडातून निघून गेलं. "टायरवर, साहेब. आमची सगळी गल्ली ठेवते."

"म्हणजे कोणीही गाडी न्यावी, अशी तुमची परवानगी होती."

"परवानगी नाही साहेब, रीत आहे."

"एकच झालं," न्यायाधीश म्हणाले. टेम्पो गेला.

जावई मात्र सुटला. त्याने वरच्या माणसांची नावं सांगितली होती. केस विंचरून तो माहेरी आलेल्या बायकोला न्यायला आला, तेव्हा ठिणग्याने कोपऱ्यातली सळई उचलली. पहिला फटका खांद्यावर, दुसरा नाकावर. भिंतीवर रक्त उडालं. पोरगी किंचाळत होती. जावई जमिनीवरून ओरडला, "मारा! पण किल्ली टायरवर आहे, विचारायचं काय त्यात, हे कोण म्हणालं होतं?"

ठिणग्याचा वर गेलेला हात वरच राहिला. मग सळई खाली पडली.

लिलावाआधी गाड्या पाहायला जप्तीचं आवार उघडलं. शेवटचं बघून यावं म्हणून ठिणग्या गेला. तिथेही गाड्या एकमेकींना खेटून उभ्या. तो टेम्पोजवळ गेला, दारावरून हात फिरवला, आणि सवयीने हात मडगार्डच्या आत गेला.

किल्ली तिथेच होती. पहारेकऱ्यांनाही गाड्या हलवाव्या लागतच असणार.

टेम्पो पहिल्याच झटक्याला सुरू झाला. "ओ काका! कुठं निघालात?" कोणीतरी हाक मारली. ठिणग्याने पाय दाबला. लोखंडी फाटक निखळून एका पहारेकऱ्याच्या खांद्यावर आदळलं आणि तो खाली कोसळला. मागे शिट्ट्या, शिव्या, धावणारे बूट. ठिणग्याच्या डोक्यात एकच होतं, एकदा गल्लीत शिरलो की आपली माणसं पुढच्या गाड्या सरकवतील आणि वाट करून देतील.

पण गल्लीच्या तोंडाशी टेम्पो अडला. पुढे गाडीला गाडी चिकटलेली. निकाल ऐकल्यापासून कोणी किल्ली टायरवर ठेवत नव्हतं. ठिणग्या हॉर्न वाजवत राहिला. माणसं दारादारांत उभी होती, हात खिशात, मुठीत किल्ली. पुढे कोणी आलं नाही.

पोलिसांनी काच फोडून त्याला त्याच काचेतून बाहेर ओढलं. काठ्या बरगड्यांवर बसत होत्या, आणि मोडताना बरगड्या आवाज करत होत्या. तो आवाज गल्लीने ऐकला.

न्यायाधीश तेच होते. या वेळी आरोपी टेम्पो नव्हता.

"किल्ली कुठून मिळाली?"

ठिणग्याने कठड्याला धरून श्वास गोळा केला. "टायरवर होती, साहेब. मला वाटलं, सरकारची परवानगी आहे."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीशांनी मान खाली घातली. ती वर न करताच शिक्षा सांगितली.

पोलीस त्याला नेत होते तेव्हा दाराशी बायको उभी होती. तिचा हात वाकडाच जुळला होता. त्याच हाताने तिने त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"आज तरी खिळा म्हणायचं होतंत," ती म्हणाली.