कुमुदबाईंचं शेवटचं प्रकरण

फोनवर नाव बाईंचंच आलं, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "बाई, दुपारी येते हो, आत्ता गिऱ्हाईक बसलंय." पलीकडे पुरुषाचा आवाज होता. "मी कुमुदचा भाऊ बोलतोय. कुमुद गेली... सकाळी." समोर एका मुलीच्या प्रबंधाची पानं पसरली होती, पान क्रमांक चुकले होते आणि ती बिचारी माझ्याकडे आशेने बघत होती. मी विचारलं, "कशा गेल्या?" ते म्हणाले, "आंघोळ करून आली, केस पुसत पलंगावर टेकली आणि तशीच कलंडली. डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल. तिच्या वहीत फोन नंबरांमध्ये पहिलं नाव तुमचं होतं, म्हणून आधी तुम्हाला केला." मुलीला उद्या ये म्हणून सांगितलं, माझ्या टायपिंगच्या दुकानाचं शटर ओढलं आणि चालत निघाले. ठाण्याच्या नौपाड्यातलं बाईंचं घर माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर. त्या दिवशी मात्र मी वाटेत एका दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले होते, असं नंतर आठवलं.

याला आता सहा आठवडे झाले. बाई कुणी मोठ्या व्यक्ती नव्हत्या. एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, जाड चष्म्याच्या, भाजीवाल्याशीही पूर्ण वाक्यात बोलणाऱ्या बाई. त्यांच्या प्रबंधाला पदवी मिळाली नाही, त्यामुळे नावापुढे डॉक्टरही लागलं नाही. पण तो प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी टाइप केलाय, आणि तो का अडला हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. म्हणून लिहायला बसलेय.

बारा वर्षांपूर्वी बाई दुकानात आल्या तेव्हा त्यांनी काउंटरवर एक फाइल ठेवली. सहासष्ट वर्षांच्या होत्या. "सुरुवातीच्या प्रकरणांचं हस्तलिखित आहे. घाई अजिबात नाही, पण चुका चालणार नाहीत," म्हणाल्या. अक्षर असं की टाइप करून ते बिघडवावं कशाला, असं वाटावं. विषय होता जीव आणि परमतत्त्व यांचं मीलन, वेगवेगळ्या परंपरांत ते कसं सांगितलंय याचा अभ्यास. वेदान्त, भक्ती, सूफी, ख्रिस्ती, बौद्ध. मी तोवर शेकडो प्रबंध टाइप केले होते, खतांवरचे, सहकारी पतपेढ्यांवरचे. डोळ्यांतून शिरायचं आणि बोटांतून बाहेर पडायचं, मध्ये डोक्यात काही थांबायचं नाही. बाईंच्या तिसऱ्या प्रकरणात मात्र एक वाक्य आलं, की निर्वाण म्हणजेही अंतिमतः आत्म्याचं परमतत्त्वाशी मीलनच होय. आणि माझी बोटं थांबली.

दोन दिवसांनी बाई प्रूफ बघायला आल्या. चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "सुनंदा, इथे एक ओळ राहिलीय."

"राहिली नाहीये बाई. मी टाइप नाही केलेली."

"का गं? अक्षर नाही लागलं?"

"अक्षर लागलं. पण बाई, आमच्यात आत्माच नाहीये. मग मिळणार कोण, आणि कुणाला?"

बोलून तर गेले. मी कल्याणच्या चाळीतली, बारावी शिकलेली. त्या संस्कृतच्या बाई. फाइल उचलून चालत्या होतील असंच वाटलं. बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "सांग," म्हणाल्या, "आणखी सांग." मी म्हटलं, मला कुठे काय येतं, माझे बाबा रोज बसतात ध्यानाला, ते सांगतील. "मग मला बाबांकडे ने," बाई म्हणाल्या. पुढच्याच रविवारी आल्यासुद्धा.

बाबा आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. कल्याण पूर्वेला आमची दहा बाय बाराची खोली, भिंतीवर निळा झेंडा, कपाटावर बुद्धाची मूर्ती. बाईंनी वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि शाळेत तोंडी परीक्षा घ्यावी तसं विचारलं, "ध्यानात तुम्हाला कशाचा अनुभव येतो? कुणाची भेट होते का?"

बाबा म्हणाले, "भेटायला नाही बसत मी. श्वास येतो-जातो, तो बघायला बसतो. बघता बघता एकेक सुटत जातं. फिटर म्हणून जे काय होतो ते सुटतं, राग सुटतो... थोडा वेळ. मग बायको चहाला हाक मारते, की परत सगळं गोळा."

बाई हसल्या, लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून, खाली बघत म्हणाल्या, "आणि गेलेलं माणूस? माझी मुलगी... ती कुठे असेल?"

तोवर मला त्यांना मुलगी होती हेच माहीत नव्हतं. आई ओट्याशी चहा गाळत होती, तिने गाळणं खाली ठेवलं. बाबांना चार वचनं म्हणता आली असती, रोजच म्हणतात. पण ते म्हणाले, "ते मला माहीत नाही, बाई. खोटं कशाला सांगू?"

परत जाताना रिक्षात बाई म्हणाल्या, "नऊ वर्षांत मला भेटलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं ती कुठे आहे. तुझे बाबा पहिले." अनघा चोवीस वर्षांची होती. ताप आला आणि चार दिवसांत गेली. तिचं लग्न ठरलेलं होतं, हॉलही बघून झाला होता. हे बाईंनी त्या रिक्षात, मीटरकडे बघत, एका दमात सांगितलं आणि पुन्हा कित्येक महिने त्यावर अवाक्षर काढलं नाही.

त्यानंतर बाईंना सवयच लागली. पुस्तकातलं प्रकरण लिहून झालं, की ते जगणाऱ्या माणसाला गाठायचं. आणि सोबतीला मी. वेदान्ताच्या प्रकरणात मिठाचा खडा पाण्यात विरघळतो तो दाखला होता, तर बाईंना मीठ पिकवलेलं माणूस हवं झालं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई, हिराबाय, कोलशेतला राहायची. तरुणपण मिठागरात गेलेलं. आता त्यांच्या जमिनीवर टॉवर झाला होता आणि हिराबाय चौदाव्या मजल्यावर, लिफ्टला घाबरत, राहत होती. बाईंनी तिला खूप प्रेमाने समजावलं, की मीठ जसं पाण्यात विरून पाणीच होतं तसा जीव देवात विरतो, वेगळा उरत नाही. हिराबाय ऐकत होती. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "बाय, आमी तं जनमभर उलटाच केला. पानी आटवून मीठ काढला. उनानं पाय फाटले, तवा कुठं त्यो दाना दिसायचा. आनी एक रात अवकाली पाऊस आला, की सगला मीठ इरघलून जायचा. आमी छाती पिटून रडायचो. आनी तुमी त्याला मोक्ष म्हनता?"

बाईंचा चेहरा आधी पडला आणि मग त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हिराबाय गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, की हिला मी काय वाईट बोलले. दुसऱ्या दिवशी बाईंनी तळटीप लिहून आणली, त्यात हिराबायचं म्हणणं शब्दन् शब्द होतं. त्यांच्या मार्गदर्शकांनी ती खोडली. बाईंनी पुन्हा घातली. असं तीनदा झालं. दर वेळी मी तेवढं पान नव्याने काढायचे.

सूफींच्या प्रकरणासाठी आम्ही कल्याणच्या एका छोट्या दर्ग्यात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या चाचांनी सांगितलं, की पीराच्या पुण्यतिथीला उरूस म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ लग्न. "मौत नहीं बाईजी, शादी का दिन है. अपने महबूब के घर गये." नंतर बाईंच्या ओळखीतल्या एक सिस्टर भेटल्या, मठात राहणाऱ्या. त्यांनी बोटातली साधी अंगठी दाखवली आणि लाजल्यासारखं हसून म्हणाल्या, "माझंही लग्न झालंय, प्रभूशी." बाहेर आल्यावर बाई फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि एकदम चिडून बोलल्या, इतकं चिडलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "जिथे जावं तिथे लग्नच गं! माझ्या मुलीचं राहिलं ते राहिलं. तिला कुणाची वधू करायचीय आता?" नंतरचे दीड महिने त्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत. मी फोन केला की म्हणायच्या, "वाचतेय." एके दिवशी आल्या, नेहमीसारखी फाइल ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "सुनंदा, तुला खरं सांगू? मी अभ्यास करत नव्हते. मी अनघाला भेटायला निघाले होते, मीलन मीलन म्हणत. पण सगळे जर एकात मिसळणार असतील तर तिथे अनघा कशी ओळखू येईल मला? तिच्या हनुवटीवर पडल्याची खूण होती. ती त्या मीलनात कुठे असेल?"

मी पाणी दिलं. बाहेर कुणीतरी आधार कार्डाची झेरॉक्स मागत उभं होतं.

सात वर्षं सरत आली आणि शेवटचं प्रकरण आलं. मार्गदर्शकांनी सांगितलंच होतं, की निष्कर्ष समन्वयाचा हवा. सगळ्या परंपरा वेगवेगळ्या भाषेत एकच सांगतात, इत्यादी. बाईंनी तसा लिहिला, अकरा पानं. मी टाइप केला. सुंदरच होता. बाई प्रूफ घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर. "काढून टाक सगळं. मी सांगते, तू थेट घाल." आणि माझ्या शेजारी उभ्या राहून त्यांनी दीड पान सांगितलं. एक परंपरा म्हणते भेट होते. दुसरी म्हणते भेटणाराच उरत नाही. तिसरी म्हणते, प्रेम करता यावं म्हणून दोघांनी दोनच राहायचं. हे सगळं एकच आहे असं म्हणणं हा या सगळ्या माणसांचा अपमान आहे, कारण प्रत्येकाने आपलं म्हणणं आयुष्य घालून कमावलंय. आणि शेवटी, "यांपैकी खरे काय, हे प्रस्तुत संशोधिकेला माहीत नाही."

"बाई, प्रबंधात असं लिहितात?" मी विचारलं.

"नाही लिहीत," बाई म्हणाल्या. "तू लिही."

मार्गदर्शकांनी प्रबंध पुढे पाठवायला नकार दिला. माणूस वाईट नव्हता, त्यांनी बाईंना घरी बोलावून समजावलं. मीही समजावलं. सात वर्षांची मेहनत वाया जाताना मला बघवत नव्हतं. "एक पान बदला फक्त बाई. हवं तर मी बदलते, तुम्ही बघूही नका." बाई म्हणाल्या, "तू माझी एक ओळ लिहायला तयार नव्हतीस, सुनंदा. मग मी दीड पान कसं बदलू?" मला रडू आलं. माझ्यामुळेच यांची पदवी गेली, असं मला तेव्हा वाटलं आणि पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं. त्यांना नाही वाटलं. त्यांनी तीन प्रती बांधून घेतल्या, लाल कापडात. एक घरी ठेवली, एक हिराबायला दिली, जिला वाचता येत नाही आणि जिने ती देवघरात ठेवली. तिसरी आमच्याकडे आहे.

आणि त्यानंतर बाई दर रविवारी सकाळी बाबांकडे यायला लागल्या, बसायला. ठाण्याहून कल्याण, मग रिक्षा. पाच वर्षं. मी एकदा विचारलं, "बाई, आता आत्म्याचं काय ठरलं?" तर म्हणाल्या, "काही नाही ठरलं. पण पूर्वी डोळे मिटले की ती हॉस्पिटलातली दिसायची, नळ्या लावलेली. आता कधी कधी वेणी घालताना दिसते. येते आणि जाते. मी थांब म्हणत नाही." एवढंच. एवढं बोलायला त्यांना किती वर्षं लागली, ते मी बघितलंय.

बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. बाई गेल्याचं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि मूर्तीपुढे एक मेणबत्ती लावली. मला वाटलं, यांचं बरं आहे, यांना सोडायची सवय आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी माहेरी होते. बाई मांडी घालून बसू शकायच्या नाहीत, गुडघे धरायचे. आमच्याकडे खुर्ची मावत नाही, म्हणून बाबा दर रविवारी शेजारच्या घरून लाल प्लास्टिकची खुर्ची मागून आणायचे, फडक्याने पुसायचे आणि खिडकीपाशी, वारा लागेल अशी ठेवायचे. त्या रविवारीही नऊ वाजता बाबा उठले, भिंतीला धरत धरत शेजारी गेले. शेजारच्या वहिनींचा आवाज आला, "आज कोण येणारे का बाबा?" बाबा म्हणाले, "नाही. कोणी नाही." खुर्ची घेऊन आले. पुसली. खिडकीपाशी ठेवली.

"बाबा..." मी म्हटलं.

"माहीत आहे," बाबा म्हणाले आणि खाली चटईवर बसून त्यांनी डोळे मिटले.

आई आणि मी ओट्याशी उभ्या होतो. तिने गॅस बारीक केला, भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून. तासाभराने बाबांनी डोळे उघडले, मग उठून खुर्ची उचलली आणि शेजारी परत देऊन आले.

अजूनही दर रविवारी मागून आणतात.