लाखेचं पान

माझ्या सासऱ्यांची, मामाजींची, बंदूक आठवली की आधी उन्हाळ्यातली दुपारच डोळ्यांसमोर येते. चिचगडकडच्या आमच्या घराच्या ओसरीवर मामाजी ती मांडीवर घेऊन बसत आणि जवसाच्या तेलाचा बोळा दस्त्यावरून हळूहळू फिरवत. अंगणात मोहाची फुलं वाळत असत. त्या गोड, जड वासात मला गुंगी यायची आणि हातातलं शिवण तसंच राहायचं.

बंदूक ठासणीची. मामाजींच्या आजोबांनी एका कारागिराला पावसाळाभर घरी ठेवून घडवून घेतलेली. शिसवी दस्त्यावर चांदीच्या तारेची पानांपानांची वेल, आणि घोडा म्हणजे मान उंचावलेला मोर. चाप ओढला की मोर दाणा टिपायला वाकायचा. धानातली रानडुकरं त्याला भीत असतील. मला मात्र त्याच्यापुढे तांदूळ टाकावेसे वाटत.

पुढे मामाजींची नजर गेली, पण वेल बोटांत राहिली. त्यांना दिसत नाही हे आम्ही गावापासून लपवलं, नाहीतर लायसन गेलंच असतं.

एका दसऱ्याला सासूबाईंनी पूजेसाठी बंदूक चिंचेने आणि राखेने घासली, तेव्हा वेलीचं एक पान निखळून राखेत पडलं. राख चाळली, तरी मिळालं नाही. मग त्यांनी आपल्या लाखेच्या बांगडीचा तुकडा तापवून खाचेत भरला. पान झकास बसलं, फक्त लालभडक. "त्यायले सांगू नको वो," त्या मला म्हणाल्या, "त्यायचा जीव आहे त्याच्यात."

हिवाळ्यात लायसन तपासायला साहेब आले. मामाजी बोट फिरवत मोर दाखवत होते, वेल दाखवत होते, आणि साहेब चहा विसरून ऐकत होते. मलाही क्षणभर वाटलं, यांना दिसतंय. इतक्यात साहेबांनी त्यांचं बोट धरून त्या पानावर टेकवलं.

"यह एक पत्ता अलग क्यों है?"

सासूबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. मामाजींचं बोट जरासं थांबलं.

"अलग काऊन राहीन साहेब? चांदीच होय. बाकीच्यावानीच चमकून राहिली."

साहेबांनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा मामाजींकडे, आणि गार झालेला चहा पिऊन ते गेले. थोड्याच दिवसांत शिपाई बंदूक ठाण्यात घेऊन गेला. शेजाऱ्यानेच चुगली केली, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं आणि त्याला मरेपर्यंत शिव्या घातल्या.

मामाजी मात्र दुपारी तसेच बसत. मांडी रिकामी, बोटं फिरत. मला ते बघवेना. सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या तेव्हा मी बोलून गेले, "मामाजी, ते पान लाखेचं होतं."

"ठाऊक होतं मले. चांदी बोटाले थंडी लागते, लाख नाही लागत."

"मंग साहेबाले तसं काऊन नाही सांगतलं?"

"तुही सासू दारात उभी होती ना."