मापाचं पोलकं आणि वडिलांचं हँडल

वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि भांडुपच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. साल चौपन्न-पंचावन्न असेल. झटका सौम्य आहे, असं डॉक्टर म्हणाले. वडील म्हणत, झटका आलाच नाही, डावा हात जरा रुसलाय एवढंच. त्या हाताची मूठ वळत नव्हती. तरी रोज सकाळी ते आमच्या मुलुंडच्या घराच्या पडवीत सायकल पुसत आणि पुढच्या महिन्यापासून कामावर जाईन म्हणतो, असं आईला सांगत. आई ‘बरं’ म्हणे. आमच्या घरात ‘बरं’ म्हणजे ‘नाही’, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मला शाळेत चालत पोचायला पाऊण तास लागे, आणि मुख्याध्यापक घड्याळाचे भक्त. म्हणून मला सायकल मिळाली. तात्पुरती, या शब्दावर वडिलांनी तीनदा जोर दिला. मधल्या दांड्यावरून साडी कशी न्यायची हा प्रश्न मी आणि आळीतल्या सगळ्या खिडक्यांनी मिळून पंधरा दिवसांत सोडवला. हँडलचा प्रश्न काही सुटेना. वडील अंगाने आडवे आणि हँडल त्यांच्या अंगाचं. मी ते धरलं की वाट अडवून उभी असल्यासारखी दिसे. खांदे भरून येत, मनगटं दुखत, आणि फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडे.

सायकलवाल्याकडून अरुंद हँडल बसवून घे, असं आई म्हणाली. पण वडिलांना सांगणार कोण? हँडल बदललं की ती सायकल वडिलांची उरत नव्हती. म्हणजे तो पुढचा महिना कधीच येणार नाही, हे आपणच त्यांच्या तोंडावर म्हणायचं. तेवढा निर्दयपणा माझ्यात नव्हता. आईत होता, पण तिला वेळ नव्हता. मी शेकायच्या पिशवीवर भागवलं.

एका रविवारी वडील सायकलसकट गायब झाले. उजव्या हाताने ती ढकलत ते नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले होते. माझं माप दाखवायला म्हणून त्यांनी ट्रंकेतलं माझं मापाचं पोलकं नेलं होतं. शिंप्याकडे द्यायला आई ते वेगळं ठेवते, एवढं त्यांना माहीत होतं. पण ते पोलकं चार वर्षांपूर्वीचं, आणि शिंप्याच्या हातात देताना आई दर वेळी सांगे, ‘याहून दोन बोटं सैल.’ हे वाक्य ट्रंकेत नव्हतं. सायकलवाल्याने भर नाक्यावर पोलकं हँडलवर पसरलं, खांद्याला खांदा जुळवला, आणि माझ्या सतराव्या वर्षाच्या मापाचं हँडल शोधून तंतोतंत बसवलं. नाक्यावर माझी अब्रू गेली ती निराळीच.

संध्याकाळी मी बसून पाहिलं. कोपरं बरगड्यांना टेकली आणि वळवताना मुठी गुडघ्यांवर आपटल्या. जुनंच परत बसवून घ्यावं म्हणून मी विचारलं, “बाबा, आधीचं हँडल कुठंय?”

“त्यालाच देऊन टाकलं. मला आता काय करायचंय त्याचं?”

चहात साखर कमी आहे, हे सांगायच्या आवाजात म्हणाले. झटका आल्यापासून पहिल्यांदाच असं बोलले. आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

मग त्यांनी विचारलं, “बसलं ना गं मापात?”

आई त्या दोन बोटांविषयी सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात मी तिच्या पायावर पाय दिला.

“अगदी मापात,” मी म्हटलं.

ती सायकल मी पुढे चार वर्षं गुडघे बाहेर काढून चालवली. शाळेतल्या मुली माझी नक्कल करत, आणि चांगली करत. पण त्या पहिल्या सोमवारी वडील फाटकाशी उभे राहून पाहत होते, म्हणून मी गुडघे आत घेऊन ताठ गेले. आळीचं वळण ओलांडल्यावर उतरले आणि रडले. कुणी विचारलं असतं तर गुडघा लागला म्हणून सांगणार होते. कुणी विचारलं नाही.